निघोजच्या दगडाला आईने लावलेलं कुंकू

मंडळी, मघाशीच लालबागला घरी पोचले, पण जीव काही थाऱ्यावर नाही.

आज फक्त आम्हा दोघींसाठी गाइड घेऊन आईला निघोजचे रांजणखळगे दाखवायला नेलं होतं. नदीतल्या गोट्यांनी घासून घासून खडकात हे रांजण कसे कोरले, ते तो समजावत होता. आईचं लक्ष मात्र एका उभ्या दगडाकडे. "हय जाग्याचो राखणदार असतलो," म्हणत तिने कोकणातल्या रिवाजाने त्याला पर्समधलं कुंकू लावलं.

परतताना बघते तर त्याच दगडावर हार, समोर उदबत्ती आणि माणसं रांगेत!

गाइड कळवळून म्हणाला, "ताई, पुसा ते. उद्या इथे देऊळ होईल."

मी ओढणी सरसावून पुढे झाले. मागून एक काकू खेकसल्या, "ओ, रांगेत या!"

आणि मी चपला काढल्या.

खरं सांगा, तुम्ही पुसलं असतंत?