मागच्या बाजूची पूजा

“भाऊ, काही म्हणलं का? तोंड इकडं करून बोला. मले ओठ दिसले की समजते.”

मी डॉक्टरांच्या टेबलाखाली वाकून केबल जोडत होतो आणि तिथूनच विचारत होतो, “मॅडम, जरा पाय बाजूला घेता का?” बाहेर येऊन, समोर उभं राहून विचारलं, तेव्हा त्यांनी लगेच पाय घेतले.

या टेंभरे मॅडम. बिरसा तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षाकर्मी, म्हणजे कंत्राटावरच्या शिक्षिका. एका तापानंतर त्यांचं ऐकणं फार कमी झालं होतं. पुढच्या पोरांचे ओठ बघून त्या वर्ग चालवत होत्या, आणि मागच्या पोरांनी त्याचा जो घ्यायचा तो फायदा घेतला होता. हेडमास्तरांनी वर कळवलं. सोमवारी साहेब वर्गात येऊन बसणार होते. बाईंना ऐकू येत नाही असं दिसलं, तर कंत्राट संपलं. आणि आज शनिवार होता.

मी बालाघाटला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कानाशी माझा संबंध एवढाच, की कानाच्या डॉक्टरांचा लॅपटॉप माझ्याकडे असायचा.

कानाचं मशीन नुसतं लावून भागत नाही. कोणता आवाज किती वाढवायचा, हे ज्याच्या-त्याच्या कानाप्रमाणे मशीनमध्ये भरावं लागतं. ते काम लॅपटॉपवरचा एक प्रोग्राम करायचा. लॅपटॉपला एक डबी, डबीला वायर, वायरच्या टोकाला मशीन. मॅडमचं मशीन नव्या मॉडेलचं निघालं आणि जुन्या प्रोग्रामच्या यादीत ते नव्हतंच. ओळख पटवणारी फाइल नागपूरच्या डीलरने सीडीवर पाठवली होती. आणि लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती.

फ्लॉपीचीही नव्हती. फ्लॉपी ड्राइव्ह बाहेरून जोडायचा होता आणि तो केव्हाच बिघडून कपाटावर पडला होता. पेनड्राइव्ह तेव्हा आमच्या गावात कोणी पाहिला नव्हता. पाहिला असता तरी तो खुपसायचं भोक या लॅपटॉपला नव्हतं.

“प्रोग्राम रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर टाक ना,” डॉक्टर म्हणाले.

“सर, त्याचं लायसन्स या एकाच लॅपटॉपला बांधलंय.”

“मग हार्डडिस्क काढ, तिकडे जोड, फाइल भर.”

“जोडायचा कनेक्टर नागपूरहून मागवावा लागेल. मंगळवारी येईल.”

मंगळवार सोमवारनंतर येतो, हे डॉक्टरांनाही माहीत होतं.

राहिला मागचा सिरियल पोर्ट, नऊ पिनांचा. कानाच्या मशीनची डबी एरवी त्यातच लागायची, पण महिनाभरात तशी वेळच आली नव्हती. या पोर्टमधून अक्षरं एकामागून एक जातात, एकेरी पुलावरून गाड्या जातात तशी. दोन कॉम्प्युटर असे जोडताना एकाचं बोलणं ते दुसऱ्याचं ऐकणं, म्हणून केबलमधल्या दोन वायरी उलटसुलट जोडायच्या. अशी केबल मी स्वतः जोडलेली होती. रिसेप्शनचा कॉम्प्युटर आणून टेबलाखाली ठेवला, त्यात सीडी घातली आणि केबल लावली. लॅपटॉपकडचा प्लग जरा घट्ट गेला. जुना पोर्ट आहे, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

आधी साधी परीक्षा घेतली. लॅपटॉपवर ‘नमस्ते’ टाइप केलं, ते खालच्या कॉम्प्युटरवर उमटलं. खालून उत्तर टाइप केलं. लॅपटॉप ढिम्म. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लॅपटॉप बोलत होता, पण त्याला ऐकू येत नव्हतं. म्हणजे खोलीत आता एकाच दुखण्याचे दोन पेशंट झाले.

मी वेग कमी केला. सेटिंग बदललं. केबल उघडून पुन्हा झाळली. माझ्या दुकानात नेऊन दोन कॉम्प्युटरांवर लावून पाहिली, तिथे छान चालली. परत येऊन लावली, तर लॅपटॉप आपला बहिराच.

“होईल का नाही, ते सांग,” डॉक्टर वैतागले.

मॅडम आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांच्यापासून काही लपवायचं म्हटलं, तर पाठ फिरवूनच बोलावं लागलं असतं.

“भाऊ, होत नसन तं सांगा,” त्या म्हणाल्या. “बिरशाची बस चालली जाईन. सोमवारचं मी पाहीन काही.”

काय पाहणार होत्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून पोर्ट चालत नसतो. मी म्हटलं, “थांबा जरा,” आणि लॅपटॉप उचलून पाठमोरा केला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

प्लग तिरपा बसला होता. एक बाजू आत, दुसरी जरा वर. तो काढून डॉक्टरांच्या टॉर्चने आत पाहिलं. पिना पिवळ्या होत्या, आणि कडेच्या पिनांच्या मुळाशी तांदळाचा एक दाणा चिकटून बसला होता. तांदूळ आमच्या भागात कुठेही सापडतो. पण हा लाल होता.

“शामराव,” डॉक्टरांनी हाक मारली.

शामराव म्हणजे त्यांचे जुने कंपाउंडर. ते दारात आले.

“दसऱ्याला लॅपटॉपची पूजा केली का?”

“हौ. सगळ्या मशिनींची केली. याचीच काहून सोडाची?”

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“समोर काही लावाचं नाही म्हणून सांगतलं होतं,” शामराव शांतपणे म्हणाले. “मंग मांगून लावलं. झाकण उघडलं, हळद-कुंकू वाहलं, अक्षता टाकल्या. समोर बोट बी नाही लावलं.”

हुकूम शब्दशः पाळला गेला होता.

सुईने दाणा काढला. स्पिरिटचा बोळा फिरवून पिना पुसल्या. आता प्लग सरळ आत गेला. खालून ‘नमस्ते’ टाइप केलं, आणि लॅपटॉपवर अक्षरं एकेक करत उमटली. फाइल जायला बराच वेळ लागला. चहा झाला, बिरशाची बस निघून गेली, शामरावांनी मॅडमना लांजी रोडवरच्या आपल्या बहिणीकडे मुक्कामाला न्यायचं परस्पर ठरवून टाकलं. मग त्याच पोर्टला डबी जोडली, प्रोग्रामने नवं मशीन ओळखलं, आणि पुढचं काम डॉक्टरांनी केलं.

मी पुन्हा टेबलाखाली शिरलो. केबल गुंडाळता गुंडाळता स्वतःशीच पुटपुटलो, “पूजा शामरावांची, घाम आमचा.”

“पण देव तं पावला ना, भाऊ,” वरून आवाज आला.

मी डोकं बाहेर काढलं. मॅडम भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होत्या. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

सोमवारचं नंतर कळलं, त्यांनीच फोन करून सांगितलं. साहेब मागच्या बाकावर बसले आणि हेडमास्तरांना हळूच म्हणाले, “इनको सच में सुनाई नहीं देता?” मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. न वळता म्हणाल्या, “देता है सर. आप के पास वाला लड़का इमली खा रहा है, वो भी सुनाई दे रहा है.” कंत्राट टिकलं.

तेव्हापासून दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सगळ्या गिऱ्हाइकांच्या मशिनींना चिकटपट्टी लावून येतो. पूजेला माझी हरकत नाही. फक्त भोकं आधी झाका.