बंद खिडक्यांचा टँक

"कॅल्शियम बरोबर हाय म्हणता, मग वाढत का न्हाई?" सलीमभाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी घरोघरी समुद्री टँक सांभाळते. मासे नावाला; खरं काम पाण्याचं. प्रवाळ हा जीव पाण्यातलं कॅल्शियम घेऊन स्वतःचा सांगाडा बांधतो. तो वाढत असेल तर कॅल्शियम कमी होत जातं, आम्ही वरून घालतो. पौडच्या या टँकमध्ये आकडा जागचा हलत नव्हता. लोकांना अशा आकड्याचं कौतुक वाटतं, मला घाम फुटतो. आकडा हलत नाही म्हणजे आत कुणी जेवत नाही.

सलीमभाईंचं हार्डवेअरचं दुकान. टँक घेतला तो अम्मींसाठी. दम्याने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणून पलंगच हॉलमध्ये टँकसमोर आणला होता. जांभळ्या प्रवाळाच्या एका फांदीवर त्यांचा जीव. मी गेले की विचारायच्या, "पोरी, वाढली का गं?" मी "जरा जरा" म्हणायचे. धादांत खोटं.

पीएच तपासला. तो खाली गेला की पाणी आंबटाकडे झुकतं आणि प्रवाळाला सांगाडा बांधणं जड जातं. खालीच होता. कारण डोळ्यांसमोर होतं. अम्मींना गारठा लागू नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. श्वासातला कार्बन डायऑक्साइड घरात कोंडायचा आणि पाण्यात उतरायचा. तो शोषणारे खडे लावून पाहिले, ते हां हां म्हणता संपले.

"पाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राची नळी बाहेर काढू, म्हणजे ते ताजी हवा ओढेल," मी म्हटलं. "भिंतीला एक भोक पाडलं की झालं."

"धुरळा उडंल, ताई. अम्मीला सोसायचा न्हाई."

"मग एक खिडकी थोडी उघडा."

"न्हाई. टँक मेला तर दुसरा आनू."

मी बॅग उचलली.

थंडी सरत आली तेव्हा त्यांचा फोन आला. मी बावधनला एका क्लायंटच्या टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभी होते.

"ताई, आज किटनं पानी तपासलं. कॅल्शियम खाली आलंय. ह्यो बी चालला का?"

"अहो, ही तर चांगली बातमी. जेवायला लागलाय तो. खिडक्या उघडल्यात वाटतं?"

"व्हय, समद्या. अम्मी जाऊन आठवडा झाला."

मी जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी गेले. पलंग काढला होता. फांदीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी पांढरी, नवी वाढ होती. सलीमभाई वाकून बघत होते.

"आनखी चार दिस थांबली असती तर बगितलं असतं तिनं," ते म्हणाले.

त्या थांबल्या असत्या तर ही वाढ झालीच नसती, हे मी बोलले नाही. त्यांनाही ते ठाऊक असावं. मी काच पुसली.

हल्ली आकडे चांगले आले की मी आधी घरच्या माणसांची चौकशी करते. शाबासकी नंतर.