माग सुरू होईपर्यंत थांबा

श्रीनिवास अण्णा आज सकाळी गेले. हार्ट अटॅक. कारण शोधायला कुणाला वेळच मिळाला नाही.

सोलापुरात आमच्या भागात कॉम्प्युटर बंद पडला की फोन अण्णांना जायचा. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि समोर कुठलीही मुलगी असली तरी तिला "अम्मा".

मी त्यांच्याकडे कधी शिकले नाही. आमची ओळख एका क्रॅशमुळे झाली.

डिप्लोमा करून मी टॉवेलच्या एका कारखान्यात डिझाइन ऑपरेटर म्हणून लागले होते. कॉम्प्युटरवर नक्षी तयार करायची आणि नेटवर्कवरून पलीकडच्या शेडमधल्या यंत्रमागांवर पाठवायची.

एका आठवड्यात तो कॉम्प्युटर सारखा पडायला लागला. डिझाइन पाठवायला घेतलं की निळी स्क्रीन. रीस्टार्ट. पुन्हा निळी.

अर्धवट गेलेल्या नक्षीमुळे माल खराब निघाला. शेठनी फोल्डिंगच्या बायकांसकट सगळ्यांना डिझाइन रूममध्ये बोलावलं.

"हिला नेट दिलं हीच चूक झाली. दिवसभर काय काय डाउनलोड करती काय की. व्हायरस घातला मशीनमध्ये."

"मी काहीही डाउनलोड केलेलं नाही."

"मग आपोआप पडतंय व्हय?"

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. भीती वेगळी होती. वडिलांनी मला जेऊरहून शहरात एकटीला राहायला पाठवलं होतं, भावकीतल्या सगळ्यांशी वाद घालून. 'पोरगी ऑफिसात नेटवर नको ते करत होती' एवढं एक वाक्य गावात पोचलं असतं, की मी परत जेऊरला. आणि वडिलांची मान कायमची खाली.

शेठनी अण्णांना बोलावलं ते व्हायरस आहे असं वदवून घ्यायला.

अण्णांनी कॅबिनेट उघडलं. "हे नेटवर्क कार्ड नवीन दिसतंय."

"बोर्डावरचं पोर्ट जळलं होतं. मागच्या आठवड्यात मीच बसवलं," शेठ म्हणाले.

अण्णांनी कार्ड काढून ठेवलं आणि मशीन सुरू केलं. मोठ्यात मोठं डिझाइन उघडायला लावलं. पलीकडे शेडमध्ये माग धडधडत होते. मशीन पडलं नाही.

"बघा! नेट काढलं की गप चालतंय. मी काय म्हणत होतो?" शेठ माझ्याकडे वळले. "तू उद्यापासून येऊ नको."

"थांबा की शेठ. अजून झालं नाही." अण्णांनी मशीन बंद करून तेच कार्ड पुन्हा स्लॉटमध्ये घातलं.

"अहो, चालतंय ना? मग परत कशाला घालताय?"

"काढल्यावर चालतं, हे अर्धंच झालं. घातल्यावर पडतं का, ते बघायला नको? केबल लावत नाही. कार्ड आहे, नेट नाही. आता पडलं तर नेटचा संबंध नाही."

मशीन सुरू झालं. मी स्क्रीनकडे बघत राहिले. मशीन पडावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच वाट बघत होते.

पडलं नाही.

चहा आला, कप रिकामे झाले. तरी पडलं नाही.

शेठ हसले. "केबल नाही तर पडत नाही. झालं की सिद्ध!"

माझं डोकं चालू होतं. आधीपेक्षा आत्ता काय वेगळं आहे? केबल. अजून काय?

खोली शांत होती. एवढी शांत ती कधीच नसायची. जेवणाची सुट्टी झाली होती.

"अण्णा, दोन गोष्टी बदलल्यात. केबल नाही. आणि माग बंद आहेत."

"आता मागांवर ढकलती बघा!" शेठ म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग शेठना म्हणाले, "माग सुरू होईपर्यंत थांबा."

"मला कामं आहेत."

"मग तिला येऊ नको म्हणालात, ते मागं घ्या आणि जा."

शेठ बसले. अण्णांनी डबा उघडला. कडक भाकरी मोडून शांतपणे खात राहिले. मला धीर दिला नाही. ते मला बरं वाटलं.

सुट्टी संपली. पहिला माग सुरू झाला. मग दुसरा. मग अख्खी शेड. टेबल हळूहळू थरथरायला लागलं. रिकाम्या कपबशा वाजायला लागल्या.

निळी स्क्रीन.



अण्णांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि कार्डाची पट्टी बोटाने दाबून धरली. चाललं. बोट काढलं. थोड्या वेळात पुन्हा निळी.

कार्ड स्क्रूने आवळलेलंच नव्हतं. माग चालले की हादऱ्याने ते स्लॉटमध्ये हलायचं. मी डिझाइन पाठवायचे तेही माग चालू असतानाच. म्हणून सगळ्यांना नेटचा दोष वाटला.

"बरं, बरं. आवळा आणि द्या लवकर," शेठ म्हणाले.

अण्णांनी खिशातून एक स्क्रू काढला. आवळला मात्र नाही.

"आधी ज्यांच्यासमोर तिला बोललात, त्यांना बोलवा. तिनं काही केलं नव्हतं, एवढं सांगा."

"एवढ्याशासाठी, अण्णा?"

"घाई तुम्हाला आहे शेठ. मला नाही."

सगळे पुन्हा आले. शेठ खिडकीकडे बघत भरभर बोलून मोकळे झाले.

फोल्डिंगच्या रुक्मिणी मावशी मागून ओरडल्या, "काय म्हणले शेठ? हितं मागं काय बी ऐकू न्हाय आलं!"

शेठना पुन्हा म्हणावं लागलं. या वेळी मोठ्याने.

कार्ड कुणी बसवलं होतं, हा विषय अण्णांनी शेवटपर्यंत काढला नाही. स्क्रू आवळला, झाकण लावलं, "येतो अम्मा," म्हणाले आणि गेले.

आज अंत्यविधीहून आल्यावर वडिलांना, म्हणजे दादांना, फोन केला. मी म्हणाले, "दादा, श्रीनिवास अण्णा गेले."

दादा म्हणाले, "कोण अण्णा?"

त्यांना यातलं काहीच माहीत नाही. सांगायची वेळच कधी आली नाही.

ती तुम्ही येऊ दिली नाही, अण्णा.

माझा शेवटचा नमस्कार.