मोठे खेकडे कुठं गेले

संशय मी माहेराहून घेऊन आले. आमच्या घरी दूधवाल्याच्या देखत दुधात बोट बुडवून बघायची पद्धत होती, आणि वालूरजवळच्या सासरच्या शेतातही मी तेच डोळे घेऊन वावरले.

खेकड्यांचं खूळ मात्र माझं स्वतःचं. मोबाईलवर कुणीतरी खेकडे पाळून दाखवले होते. मीही बांधाच्या कडेला खड्डा खणून घेतला, पाणी सोडलं, तळाशी दगड टाकले आणि ओढ्यातले बोटाच्या पेराएवढे चाळीसेक खेकडे आणून त्यात सोडले. बगळ्यांच्या भीतीनं वर जाळी बांधली. ती सोडायची-बांधायची कशी, हे दोघींनाच माहीत होतं: मला आणि नऊ वर्षं आमच्याकडे खुरपायला येणाऱ्या बाईला. माझी लेक तिच्याच कडेवर मोठी झाली. तिच्यावर माझा विश्वास होता, म्हणजे माझा कुणावर जितका असू शकतो तितका.

पहिलं वर्ष छान गेलं. दगड उचलला की बारके खेकडे सैरावैरा पळायचे. दुसऱ्या पावसाळ्यात काही चांगले तळहाताएवढे झाले आणि कमी व्हायला लागले. बारके जागच्या जागी, मोठेच गायब. जाळी तशीच, गाठ तशीच. बगळा काही लहान-मोठं बघत नाही, मुंगूसही बघत नाही. निवडून मोठे उचलतो तो माणूसच, असं मी ठरवून टाकलं. एकदा पाण्यात रिकामं कवच सापडलं, तर इथंच बसून खाल्ला की काय, असंही मनात आलं. खेकडा वाढताना कात टाकतो हे मला कुठं माहीत होतं!

मग बघावं तिथं पुरावा. ती लवकर आली की का आली, उशिरा गेली की का थांबली. तिच्या दारावरून जाताना लसणाच्या फोडणीचा वास आला तरी मी दोन पावलं थांबायची.

एका दुपारी न राहवून विचारलंच, "मोठे खेकडे कुठं चाललेत गं?"

हातातलं खुरपं न थांबवता ती म्हणाली, "मोठं झाल्यावर ते पाण्यात ऱ्हात न्हाईत, वैनी. बारके पाण्यात, मोठे बिळात. बांधात घुसले असतेल."

इतकं तयार उत्तर? चोराच्या मनात चांदणं, मी स्वतःशी म्हटलं. संध्याकाळी घरी निघताना बाकीच्या बायांसमोर तिला म्हणाले, "तुझी पिशवी दाखव."

तिनं पिशवी माझ्यासमोर उलटी केली. भाकरीचं फडकं, पाण्याची बाटली आणि मूठभर मुगाच्या शेंगा. "पोरीसाठी तोडल्या होत्या, देऊन टाका तिला," एवढंच बोलली. शेंगा आमच्याच शेतातल्या आहेत, हे तेवढ्यातही माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्याचं कळलं. आमच्याकडे बारमाही काम होतं, म्हणून आजवर ती कधी गेली नव्हती.

थंडीत गव्हाला पाणी देताना बांधालगतच्या वाफ्यात पाणी ठरेना. नवऱ्यानं कुदळ घेऊन बांध उकरला. बिळाच्या तोंडाशी काळ्या मातीच्या ओल्या गोळ्या, आणि आत नांग्या वर करून बसलेला भलामोठा खेकडा. मग दुसरं बीळ, तिसरं. एक तर थेट आमच्या खड्ड्याच्या भिंतीतून निघालेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"तिनं सांगितलं होतं ना तुला?" नवऱ्यानं विचारलं. मला तिथंच चिखलात उभ्या उभ्या रडू आलं.

तिला फोन लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. खेकडे सापडले म्हणून सांगितलं, माझं चुकलं म्हटलं, हंगाम संपला की परत ये म्हटलं. ती माझ्या लेकीचीच खुशाली विचारत राहिली. शाळेत जाती का, जेवती का नीट. मग म्हणाली, "राग न्हाई, वैनी. पर आता तुमच्याकडं यायचं भ्या वाटायलंय. उद्या दुसरं काई हरवलं तं?"

असं परत कधी होणार नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण नऊ वर्षं ती मला जवळून बघत आली होती. माझ्याच्यानं खोटं बोलवेना.