कात्रीखालचा गणपती

बावड्याच्या प्रयागबाईंनी पहिलं शुभेच्छापत्र केलं ते फुकटच्या कागदाचं. भाचीच्या लग्नात आहेरावरचे नक्षीचे कागद बायका चुरगाळून फेकत होत्या. प्रयागबाईंनी ते गोळा करून आणले, गादीखाली ठेवून सपाट केले आणि नातीच्या वाढदिवसाला त्यातल्याच पट्ट्या पुठ्ठ्यावर डकवून दिल्या. आता त्यांच्या हातची पत्रं बारामतीच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात जात. पत्राच्या पाठीवर ‘प्रयाग’ असा बारका शिक्का असे. राशनकार्ड सोडलं तर त्या बाईचं नाव दुसरीकडं कुठं छापून आलं नव्हतं.

धाकटी जाऊ मनिषा मदतीला असे. फोन ती घ्यायची, एसटीनं माल ती पोचवायची. कापायचं काम मात्र प्रयागबाईंचं. देवाचं नाव घेत त्या कात्री चालवायच्या. पट्टी वाकडी गेली की नाम चुकलं असं समजायच्या.

दिवाळी तोंडावर आली आणि दुकानदार विजयसिंहनं नव्या कागदाची गुंडाळी धाडली. प्रयागबाईंनी ती उलगडली. केशरी कागदावर अंगठ्याएवढे गणपती, एकाला एक चिकटून ओळीनं बसलेले. त्यांनी कात्री खाली ठेवली.

“याला कात्री लागायची न्हाय.”

“का वं अक्का? गिऱ्हाइकाला ह्योच पायजे.”

“पट्टी कापायची म्हंजी देवाच्या मानेवरनं कात्री. धाड परत त्याला.”

“लग्नपत्रिकेवर असतोच की गणपती.”

“असतो. पन अख्खा असतो.”

मनिषानं गुंडाळी काखेत मारून नेली. विषय मिटला असं प्रयागबाईंना वाटलं.

दोन दिवसांनी संकष्टी आली. प्रयागबाई गणपतीच्या देवळात अथर्वशीर्षाची आवर्तनं करून परतल्या, हातात दूर्वा, पोटात कडकडीत उपास. अंगणातूनच त्यांना मनिषाची ओसरी दिसली. सगळीकडं पत्रं वाळत घातलेली. एकावर नुसती सोंड, एकावर पोट आणि मोदक, एकावर उंदीर एकटाच, त्याच्या धन्याचा पत्ता नाही. आणि मनिषा उरलेले तुकडे केरसुणीनं उंबऱ्याकडं लोटत होती.

“मने! आज चतुर्थी, आन् देवाला केरसुणी लावलीस?”

आवाज असा फुटला की प्रयागबाईंचे यजमान सोपानराव आतून धोतर सावरत बाहेर आले. “आगं, हळू. गल्ली गोळा व्हईल.”

“व्हऊ द्या! गल्लीला बी बघू द्या हिनं काय केलंय ते!”

मनिषाही काही कमी नव्हती. “देव कागदात बसलाय व्हय? उदबत्तीचा पुडा तुमी बी फाडताच की. त्यावर कोन असतंय?”

“वरनं उघडती मी. चित्राला नख लावत न्हाय.”

सोपानराव फिसकन हसले.

“तुमाला हसाय काय झालं? उपास तुमचा न्हाय म्हनून?”

प्रयागबाईंनी तिथंच बसकण मारली, ओलं फडकं घेतलं आणि पत्रावरच्या पट्ट्या सोडवायला लागल्या. डिंक वाळला होता. त्यांनी जोर केला, तसं त्यांचंच नख एका गणपतीच्या पोटातून आरपार गेलं.

“आता?” मनिषा म्हणाली. “ह्यो कुनी फाडला?”

प्रयागबाईंची कानशिलं तापली. त्यांनी पत्र उलटं आपटलं आणि पाठीवरचा शिक्का समोर आला. मनिषानं सगळ्या पत्रांवर तो आधीच मारून ठेवला होता.

“हे तू माझ्या नावानं धाडनार हुतीस?”

“मग काय माझ्या? माझं नाव तितं कोन इचारतंय!”

“म्हनून देवाचं मुंडकं तोडून माझ्या नावावर टाकायचं? दे तो फोन हिकडं.”

सगळं ऐकून विजयसिंह फोनवर गोड बोलला. “मावशी, मूर्ती न्हाय वो ती. नुसती नक्षी हाय.”

“मग तुझ्या बाचा फोटू छाप ओळीनं, आन् त्याच्या मानेवरनं चालव कात्री. नक्षीच हाय म्हन.”

विजयसिंह काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं सांगूनही टाकलं.

“फुलापानांचा कागद धाड, दिवाळीआधी सगळी पत्रं करून देती. ही मातूर माझ्या नावानं जायची न्हाईत.”

“मग ऱ्हाऊ द्या मावशी,” तो म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता. “दुसरीकडं बघतो. फुडच्या कामाला बी तुमाला तरास न्हाय देत.”

फोन बंद झाला. मनिषाचा चेहरा उतरला. “गेलं?”

“गेलं.”

प्रयागबाई गुडघ्यावर बसून एकेक तुकडा पदरात वेचू लागल्या. तुळशीच्या मुळाशी तरी नीट पुरता येतील, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली नकोत. राग तसूभरही उतरला नव्हता. जावेचा होता, त्या गोडबोल्याचा होता, आणि सगळ्यात जास्त आपल्या नखाचा होता.

“देव तुमचा असंल अक्का,” मनिषा भिंतीला टेकून म्हणाली. “पन काम माझं बी हुतं. इचारलं का मला, फोन हिसकावून घिताना?”

विचारलं नव्हतं. आणि ते खरं होतं म्हणूनच प्रयागबाई आणखी भडकल्या.

“उभी काय ऱ्हायलीस? बस खाली, वेचू लाग. आन् आदी पाय उचल तुजा, टाचंखाली हाय एक!”