सात आकड्यांचा फोन

कॅसलरॉक स्टेशनात मी पंचवीस वर्षं मालगाडीच्या डब्यांचे नंबर टिपायचं काम केलं. पावसाळ्यात इथं कागदाचा लगदा होतो. म्हणून तीन डब्यांचे शेवटचे पाच-पाच आकडे डोक्यात धरायचे, छपराखाली पळायचं आणि मग वहीत उतरवायचे. वाटेत कुणी "चहा झाला काय?" विचारलं तरी मी खेकसायचो, कारण बोलण्यात गुंतलं की आकडे गेलेच. तुसडा म्हणून नाव पडलं. मला त्याचा अभिमानही होता.

बायको गेल्यावर घरात खेकसायलाही कुणी उरलं नाही. दूध गॅसवर ठेवून दोनदा विसरलो, तेव्हा लेकीनं बेळगावला तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सहा आकडे म्हणून दाखवले. मला चारच परत सांगता आले. लेकीकडं बघायची लाज वाटली. "रोज सराव करा," ते म्हणाले.

मग रोज संध्याकाळी सहाला लेकीचा फोन येऊ लागला. घरात रेंज नाही, म्हणून मी पावणेसहालाच घरामागं परड्यातल्या दगडावर जाऊन बसायचो. ती आकडे म्हणायची, मी तेच परत म्हणायचो. बहुतेक दिवशी माझं बोलणं तेवढंच. जुन्या सवयीनं आकडे दोन-दोन, तीन-तीन असे एकत्र धरले आणि महिन्याभरात सातावर पोचलो.

"आप्पा, आता बरं हाय की! आठवड्यातनं एकदा केलं तर चालंल न्हवं?"

"उद्या बघू," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन आकडे गाळले. तिसऱ्या दिवशी तीन. फोन रोजचाच राहिला. म्हाताऱ्यानं पोरीला फसवावं हे काही बरं नव्हे, पण तिचा आवाज ऐकून मला जेवण जात होतं.

पंधरा दिवसांनी ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "रविवारी येते. घराला कुलूप लावूया. तुमी आमच्याकडंच ऱ्हावा." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मला फोन हवा होता. बायकोनं घडी बसवलेलं घर सोडायचं नव्हतं.

"उद्या सगळे सांगतो, बघच तू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिनं सावकाश सात आकडे म्हटले. पहिले तीन आले. पुढं काहीच नाही. पुन्हा म्हणायला लावले, पुन्हा तीनच. मी खरोखर जीव तोडून आठवत होतो.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "मुद्दाम करताय न्हवं?"

"व्हय गं, मुद्दाम," मी म्हणालो, आणि ती आणखी आकडे म्हणायच्या आत फोन ठेवून दिला.