किल्लीवाले काका कुणाकडे बघून हसले?

माझी मोठी वहिनी औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळते. दिवसभर दुखणीखुपणी ऐकून तिला रस्त्यावरची हसरी माणसं मोबाइलमध्ये टिपायचा नाद लागला. घरी आली की मात्र फोटोची अशी काटछाट करायची, की भाऊ म्हणायचा, "अगं, माणसाचे कान तरी ठेव!" तिला पसाऱ्याचं वावडं. चेहरा हवा, बाकी सगळी अडगळ.

एकदा तिनं समोरच्या किल्लीवाल्या काकांचा फोटो काढला. मान तिरकी करून काका खळखळून हसत होते. वहिनीनं चारी बाजूंनी कापून नुसता चेहरा ठेवला आणि प्रिंट त्यांना नेऊन दिली.

काकांनी ती निरखून पाहिली. "झकास आहे, पोरी. पण मी एकटाच वेड्यासारखा कुणाकडे बघून हसतोय?"

वहिनीला राग नाही आला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. संध्याकाळी तिनं मूळ फोटो उघडला.

"भाऊजी, इकडे या!"

फोटोच्या डाव्या कडेला काकू होत्या. काकांचा चष्मा स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर, किल्ली डोळ्यांपुढे. नवऱ्याची हुबेहूब नक्कल चालली होती. वहिनीनं त्यांनाच कापून टाकलं होतं.

"आता काहीच कापू नकोस," मी म्हटलं.

"असं कसं? ही उजवीकडची स्कूटर कशाला हवीय?" तिनं उजवी कड आत घेतली, थांबली, जराशी परत बाहेर नेली. काका फोटोच्या मध्यावरून उजवीकडे सरकले आणि त्यांच्या नजरेला काकूंपर्यंत जायला वाट मिळाली. दोघांमधली रिकामी भिंत तिनं मुद्दाम ठेवली. त्या मोकळ्या जागेमुळेच दोघांतली गंमत कळत होती.

नवी प्रिंट पोचली आणि काकू गुडघे सांभाळत काउंटरशी आल्या. औषध नको होतं. त्यांनी वहिनीचा हात धरला.

"घरातले सगळे फोटो मीच काढलेले, म्हणून मी एकातही नाही. तू मला आणलंस गं फोटोत."

"मी कसली आणते, काकू? मी तर तुम्हाला कापलं होतं. काकांनी विचारलं म्हणून सापडलात."

आठवड्याभरानं एकदा दुकान बंद केल्यावर वहिनी रस्ता ओलांडून काकांचे आभार मानायला गेली.

"आभार तू कसले मानतेस?" काका म्हणाले. "एरवी ही गुडघे धरून घरीच बसायची, फोटो मिळाल्यापासून रोज इथं येऊन माझी नक्कल करते. गिऱ्हाइकं किल्ली न्यायची विसरतात!"